पत्रकावरचे फोटो

एप्रिल लागला की परभणीत फोनवर दोन प्रकारची पत्रकं यायला लागतात. एक कूलरचं, दुसरं उन्हाळी शिबिराचं. कूलरच्या पत्रकावर कूलर तरी असतो. नाट्यशिबिराच्या पत्रकावर नाटक शोधून सापडत नाही, नुसते फोटो. मधोमध प्रशिक्षकांचा, आणि खाली गोल चौकटींच्या रांगेत ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. कुणी मालिकेत नायकाचा मित्र झालेला, कुणी सिनेमात हवालदार, कुणी रिॲलिटी शोच्या दुसऱ्या फेरीपर्यंत जाऊन आलेला. पालक बोटानं फोटो मोठा करून बघतात आणि मग फी विचारतात.

यात नावं ठेवण्यासारखं काही नाही, जगभर हेच चालतं. अमेरिकेत मिशिगन राज्यात इंटरलॉकेन नावाचं उन्हाळी कला शिबिर आहे, जोसेफ मॅडी या संगीत शिक्षकानं 1928 साली सुरू केलेलं. त्याच्या माजी विद्यार्थ्यांत नोरा जोन्स, जॉश ग्रोबन ही गाणारी मंडळी आहेत, आणि गूगल काढणाऱ्या दोघांपैकी लॅरी पेजही आहे. तो तिथं संगीत शिकायला जायचा. न्यूयॉर्क राज्यात स्टेजडोर मॅनॉर हे 1975 पासूनचं नाट्यशिबिर. त्याच्या यादीत नॅटली पोर्टमन आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. मी ही नावं पालकसभेत सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एका गृहस्थानं विचारलं, “म्हणजे गूगलवाला पण नाटकातच होता का?” नव्हता, पण तेवढ्यावर दोन प्रवेश झाले.

यादीवरून एवढंच कळतं की ही माणसं लहानपणी तिथं होती. तिथं त्यांचं काय झालं, हे यादी सांगत नाही. मला तो प्रश्न पडतो, आणि तोही आपल्या मुलखापुरता. मराठवाड्यातून जे गाजले ते कशाच्या बळावर गाजले, आणि नेमकं तेच आम्ही शिबिरात पोरांकडून काढून घेत होतो का?

लक्ष्मण देशपांडे घ्या. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा माणूस. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा उभा राहून बावन्न जण रंगवायचा, म्हातारी, पोरगं, पाहुणे, सगळे. त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळी आहे. ती बावन्न माणसं आपल्यासारखी बोलत होती आणि पुण्या-मुंबईची नाट्यगृहं तिकीट काढून ते ऐकत होती. 2009 मध्ये देशपांडे गेले, पुढं माजलगावच्या संदीप पाठकनं तो प्रयोग अंगावर घेतला. मकरंद अनासपुरेंनी तर ह्या बोलीला सिनेमात नायक केलं. त्याआधी ती नायकाच्या गड्याच्या तोंडी असायची. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक 2012 मध्ये आलं. त्यात काम करणारी बरीच पोरं शेती करणारी होती, आणि बोलतानाही ती शेती करणारीच राहिली. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, तेही आमच्याकडचेच.

म्हणून सगळं श्रेय बोलीला देऊन टाकलं तर तेही खोटं होईल. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी संभाजीनगरातून (तेव्हाचं औरंगाबाद) ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था घेऊन मुंबईला गेले आणि त्यांचं गाजलेलं ‘चारचौघी’ हे नाटक शहरी बायकांच्या भाषेत बोलतं. केज तालुक्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे 2013 मध्ये दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. तिथं बोलीवर काय निभावणार. ही सगळी मंडळी काही उन्हाळी शिबिरांनी घडवलेली नाहीत. पण पत्रक छापणाऱ्याच्या आणि फी भरणाऱ्याच्या डोळ्यासमोर हीच असतात, म्हणून त्यांचा हिशेब मांडायचा.

आता आमच्या शिबिराचं. नव्वदच्या दशकात शाळेचा पत्र्याचा हॉल, सकाळी साडेसहाची वेळ, कारण नऊनंतर तिथं भाकरी भाजली असती. सर मराठीचे शिक्षक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि कान असा की मागच्या रांगेत कुणी ‘ण’ गिळला तरी पुढून नाव घेऊन उठवायचे. आधी ओंकार, मग ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’, मग ‘आणि, पाणी, लोणी’. ‘न’ म्हटलं की जीभ दातामागं, ‘ण’ला वर वळली पाहिजे. ती वळली की नाही हे ते तोंडात डोकावून बघायचे, खरोखर, डॉक्टर घसा बघतात तसं. तालमीत कुणी ‘करतोय’, ‘जातोय’च्या जागी आमच्याकडचं ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणालं की मैदानाला एक फेरी. आमच्या बॅचची पोरं पळण्यात तरबेज झाली ती त्यामुळंच.

सरांचं वागणं आज कुणाला सांगितलं तर ते लगेच न्यूनगंड वगैरे शब्द काढतात. त्यामागं एक प्रसंग होता. तरुणपणी ते कुठल्याशा स्पर्धेत नायक होते, मोठ्या शहरात. शेवटचा प्रवेश, नायक आईच्या मांडीवर प्राण सोडतोय. संहितेत होतं, “आई, मी निघालो.” भावनेच्या भरात सरांच्या तोंडून गेलं, “माय, मी जायलो गं.” आणि हॉल हसला. मेलेल्या माणसाला तो हशा संपेपर्यंत पडून राहावं लागलं. ही हकिकत ते आम्हाला दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी आम्हीही हसायचो. मग ते शिट्टी वाजवायचे.

त्या माणसानं आम्हाला दिलं पुष्कळ. माईक नसताना शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारा आवाज, वाक्याच्या शेवटी तो न पडू देणं, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत खरोखर ऐकणं. बँकेतली माझी निम्मी नोकरी त्यावरच चालली. पण घरातलं बोलणं रंगमंचावर आणलं की माणूस हसण्याजोगा होतो, हेही त्याच सकाळी, त्याच पत्र्याखाली आमच्या अंगात मुरलं.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या मे महिन्यात लातूरच्या एका शिबिरात मी मदतीला होतो. शिबिर रद्द करायचं की नाही यावर आयोजकांत वाद झाला. मुलांनी बाटली घरून आणावी या अटीवर ते झालं. बाहेरून आलेले एक प्रशिक्षक होते, तयारीचे, अभ्यासू. त्यांनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी उत्स्फूर्त अभिनयाला विषय दिला, ‘रांग’.

बाकी पोरांनी रेशनची रांग केली, तिकिटाची केली, ढकलाढकली केली, हशे घेतले. एक मुलगा होता, अकराबारा वर्षांचा, तोपर्यंत हजेरीपलीकडं तोंड न उघडलेला. तो उठला आणि मधोमध येऊन उकिडवा बसला. डाव्या हातात नळी धरल्यासारखी मूठ. तिचं एक टोक मागं कुठंतरी उंचावर, टाकीत किंवा पिंपात सोडलेलं. दुसरं तोंडाला लावून त्यानं ओढलं, गाल आत गेले, एकदा, पुन्हा, आणि मग गळ्याशी काहीतरी एकदम आल्यासारखा तो दचकला. नळीनं पाणी ओढताना पहिला घोट सगळे थुंकतात, त्याला नळीचा वास असतो. ह्यानं थुंकला नाही. तोंड वाकडं करत गिळला, लगेच अंगठ्यानं नळी दाबली, हनुवटीवर ओघळलेलं तळहातानं पुसून तो हात मानेवरून फिरवला, आणि अंगठा न सोडता मान वळवून म्हणाला, “ए मावशे, घागर मागं घे की. माझा लंबर हाय. सकाळधरनं बसलालोय इथं.”

कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या एका मुलीनं आपली बाटली मांडीखाली सरकवलेली मला दिसली.

प्रशिक्षकांना ते आवडलं होतं, त्यात शंका नाही. म्हणाले, “वा! आता हेच पुन्हा कर, फक्त भाषा जरा स्वच्छ घे.” मुलानं मान डोलावली. पुन्हा उकिडवा बसला. “मावशी, घागर मागे घ्या. माझा नंबर आहे. मी सकाळपासून इथे बसलो आहे.” वाक्य बिनचूक आलं, पण अंगठा सुटला होता. मूठ कधी उघडली ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. दोन्ही हात प्रार्थनेला उभं राहतात तसे मांडीवर. सगळं लक्ष तोंडाकडं गेलेलं. पाणी कधीच वाहून गेलं होतं.

तो मुलगा नाटकात गेला नाही. औशाकडं कृषी सेवा केंद्राच्या दुकानात बसतो आणि गणपतीत मंडळाचं नाटक बसवतो, असं ऐकतो. पत्रकावर त्याचा फोटो येण्याचं कारण नाही. शिबिरात मी पाहिलेलं सगळ्यात खरं काम मात्र त्याचंच, आणि ते दीड मिनिटाचं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर सोपं होतं: बोली खरी, प्रमाण भाषा खोटी, टाळ्या. पण गेल्या काही वर्षांत उलटंच झालं आहे. आता मुलं शिबिराला येतात तीच गावरान बोलत. इंग्रजी शाळेतली, कॉलनीतली, घरी आईशी हिंदी-मराठी मिसळून बोलणारी पोरं रंगमंचावर चढली की एकदम धोतर नेसल्यासारखी बोलायला लागतात. रीलमधून आणि विनोदी कार्यक्रमांतून उचललेलं असतं ते. त्यात कोल्हापूरचं ‘रं’ असतं, नागपूरचं ‘बे’ असतं, आणि मधूनच आपलं ‘करायलो’, तेही हशा हवा असेल तिथंच. शेतकरी कर म्हटलं की कमरेत वाकतात, डोळे मिचकावतात आणि ‘लय’ ओढतात. ज्यांचे आजोबा अजून पूर्णा-पाथरीकडं रोज शेतात जातात, तीही. मी एकाला विचारलं, “तुझे आजोबा असं बोलतात?” म्हणाला, “नाही सर, पण नाटकातले आजोबा असंच बोलतात ना.”

खरी गंमत पुढं. त्याच मुलाला सांगितलं की आता ह्या म्हाताऱ्याचा बैल मेला आहे. तो क्षणभर थांबला आणि मालिकेतल्या नायकाच्या मराठीत रडला. “नाही! हे शक्य नाही!” हसवायचं गावरान, रडायचं पुणेरी. सरांना जो हॉल हसला होता, तो आता ह्या पोराच्या डोक्यात बसला आहे, आणि याला तर तो हशा हवाच आहे. फेऱ्या मारायला लावून काय उपयोग?

आमच्या शिबिराचा एक विद्यार्थी मुंबईत मालिकांत कामं करतो. पत्रकावर त्याचा फोटो पहिला असतो, आणि असायलाच हवा. त्यानं खस्ता खाल्ल्या, चौघांत एक खोली करून राहिला, आता बदलापूरला स्वतःचा फ्लॅट आहे. मधूनमधून फोन करतो. एकदा म्हणाला, “ऑडिशनला गेलो की म्हणतात, तुमच्याकडचं काहीतरी बोल. बोललो की म्हणतात, एवढं खरं नको यार, लोकांना कळलं पाहिजे.” मग तो त्यांना हवं तसं देतो. वॉचमन, सरपंचाचा चेला, गावाकडून आलेला भाचा. एकदा एका मालिकेत वजनदार भूमिका मिळाली, खटल्यात अडकलेल्या बापाची. पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की हे पात्र आता शहरात वाढलेलं आहे, तेव्हा भाषा नॉर्मल ठेवा. “सर,” तो म्हणाला, “तेव्हा आणि-पाणी-लोणी कामाला आलं बघा.” तक्रारीचा सूर नव्हता त्यात. हप्ता जातो वेळेवर.

आणि एक मुलगी आहे. म्हणजे आता बाई आहे, दोन लेकरांची आई. सरांच्या हाताखालची शेवटच्या बॅचमधली. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम करते, ड्यूटी लागेल तसं मानधन. तिचं निवेदन ऐकावं: एकही ‘ण’ सुटत नाही, वाक्याचा शेवट पडत नाही, सर ऐकत असावेत असं वाटतं. पण तिचं खरं काम मी एकदा स्टुडिओत बसून बघितलं. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भातला कापूस खाल्ला, त्यानंतरच्या हंगामाची गोष्ट. शेतकऱ्याची मुलाखत होती. गडी माईकसमोर बसला आणि एकदम कृषी खात्याच्या परिपत्रकासारखा बोलायला लागला. “सदर पिकावर मोठ्या प्रमाणात प्रादुर्भाव आढळून आला असून…” घाम फुटलेला, बोटं टेबलाच्या कडेला घट्ट. तिनं खूण करून रेकॉर्डिंग चालूच ठेवायला सांगितलं, खुर्ची जरा पुढं ओढली आणि म्हणाली, “दादा, ते राहू द्या. बोंड फोडून पाह्यलं तवा काय दिसलं? आन् मग काय केलाव तुम्ही?”

गड्यानं टेबल सोडलं. हातात बोंड असल्यासारखा अंगठा खुपसून उकललं आणि सांगायला लागला. वरून हिरवंगार, आतून सरकी पोखरलेली, कवडीच्या बाजूनं अळी. नांगर घालावा तर पोराचं मन होईना. ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. बारा-पंधरा मिनिटं तो बोलला आणि तिनं मधे फार तर चारदा तोंड घातलं. मुलाखत संपली, दिवा गेला, पुन्हा लागला आणि ती लख्ख प्रमाण मराठीत म्हणाली, “श्रोतेहो, आता ऐकू या बाजारभाव.”

हे सरांनी शिकवलं नव्हतं. पण सरांनी तिला जे शिकवलं ते तिनं टाकलंही नाही, घरचं विसरलीही नाही, आणि कुठं काय काढायचं हे तिला नेमकं ठाऊक आहे. मला विचाराल तर आमच्या शिबिरातून निघालेलं सगळ्यात तयार माणूस तीच. तिचा फोटो पत्रकावर टाका म्हणून मी आयोजकांच्या मागं लागलो. ते म्हणाले, “रेडिओवाल्याचा फोटो बघून कोण ओळखणार?” मुद्दा बिनतोड होता. फोटो मुंबईवाल्याचाच राहिला.

फोटोंवर माझं काही चालत नाही, पण तालमीवर थोडंफार चालतं. आता पहिले तीन दिवस आम्ही कुणाची भाषा सुधारत नाही. प्रत्येकानं घरात घडलेली एक गोष्ट सांगायची, घरी जशी सांगतात तशी, अट एकच: हसवायचं नाही. ही अट मुलांना फार जड जाते. गावरान म्हणजे विनोद, हे काढून घेतलं की त्यांना काय बोलावं तेच सुचत नाही. मग हळूहळू कुणी आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगतो, कुणी बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांचं. नांदेडकडची मुलगी एक रूप वापरते, लातूरचा मुलगा दुसरं, पोरं एकमेकांना सुधारायला लागतात, भांडणं होतात. एकाच्या घरी उर्दू मिसळलेली दखनी आहे. त्याला सुरुवातीला वाटलं आपण ह्यात बसत नाही. त्याची बकरी ईदच्या बोकडाची गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. चौथ्या दिवसापासून सरांचं सगळं येतं. काळे राळे, ण, ळ, श्वास. आणि मग तीच गोष्ट प्रमाण भाषेत. नळीवरचा अंगठा सुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पालक आले. हातात हेल्मेट तसंच. पोरगा घरी येऊन जेवताना “मी खायलो” म्हणाला म्हणे. “सर, हे तर तो त्याच्या आजीकडं फुकटात शिकतो. त्यासाठी आम्ही फी भरायची?” मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, लक्ष्मण देशपांडे सांगितले, अनासपुरे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते झाले मोठे लोक. आमच्याला ह्याच्यात मार्क किती?” बाहेर जाताना त्यांना कुणाचा तरी फोन आला. गाडीला किक मारत ते फोनवर ओरडले, “हाव, यायलो, यायलो! शिबिरात आलतो पोराच्या!”

पोराला त्यांनी काढलं नाही. फीचा दुसरा हप्ता मात्र अजून यायचा आहे.